सिपोराच्या पायाची दोरी

सिपोरा पहिल्यांदा आमच्या घरी आली ती थेट खाटेखाली गेली. बुधवार होता. नागोठण्याजवळची आमची कंपनी दर बुधवारी दुपारी तीनला धोक्याचा भोंगा वाजवून बघते. त्या भोंग्याला आमच्या गावातलं कुत्रंसुद्धा कान टवकारत नाही. आईने शेजारी नवीन आलेल्या ह्या पोरीच्या हातात पोह्यांची बशी दिली, भोंगा सुरू झाला, बशी खाली पडली आणि पोर दिसेनाशी झाली.

"अगो बाय, मांजर हायस का काय?" आई म्हणाली.

मी वाकून पाहिलं. चौदा वर्षांची मुलगी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसली होती. डाव्या कानामागे एक छोटं यंत्र, त्याची वायर केसांत गेलेली. भोंगा थांबला तरी ती बाहेर येईना. शेवटी तिचा बाप आला, त्याने खाटेखाली हात घातला आणि नुसता तिच्या पायाचा अंगठा धरला. तेव्हा ती बाहेर आली.

तो एझ्रा रोहेकर. त्याच्या आज्याचा आमच्या गावात तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणायचे. पुढे ही सगळी ज्यू घरं एकेक करून इस्रायलला गेली. एझ्रा दहा वर्षांचा असताना गेला, तिकडे अश्दोद नावाच्या गावात बेकरीत लागला, लग्न केलं. बायको डेबोरा आजारपणात गेली. आणि मग सगळं जग इथून तिकडे जात असताना हा माणूस मुलीला घेऊन तिकडून इथे आला. गावात चर्चा व्हायची ती झाली. कोणी म्हणालं धंद्यात बुडाला, कोणी म्हणालं पोलीस मागे असतील. आमच्या गावाला कारण सापडलं नाही की ते तयार करायला वेळ लागत नाही.

खरं कारण त्या यंत्रात होतं. सिपोराला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी ऑपरेशन करून डोक्यात एक तुकडा बसवलाय; बाहेरचं यंत्र त्याला आवाज पुरवतं. झोपताना यंत्र काढावं लागतं. यंत्र काढलं की कानाशी ढोल वाजवा, तिला पत्ता नाही. अश्दोदमध्ये रॉकेटं यायची, भोंगा व्हायचा आणि तळघरात पळायला मिनिटभरसुद्धा मिळायचं नाही. एकदा एझ्रा झोपेत धडपडून एकटाच दारापर्यंत धावला, मग आठवण होऊन परत फिरला. त्या दिवसापासून त्याने सुती दोरीचं एक टोक आपल्या पायाला आणि दुसरं तिच्या पायाला बांधून झोपायला सुरुवात केली.

"इथं कुठं रॉकेट?" मी त्याला म्हटलं.

"नदी हाय," तो म्हणाला. "तुझी कंपनी हाय."

आंबा नदीला पूर आला की काय होतं ते मी पाहिलंय आणि कंपनीत मी गॅसच्या कॉम्प्रेसरवर काम करतो, त्यामुळे मी विषय बदलला. एझ्रा नागोठण्याच्या एका बेकरीत पाव भाजायला लागला. पोलिसांची जीप दिसली तरी त्याला धडकी भरायची, कारण मुलीचा पासपोर्ट तिकडचा. तो माणूस भ्यायलेलाच जेवायचा, भ्यायलेलाच हसायचा. दोरी काही त्याने सोडली नाही.

सिपोरा मात्र चार वर्षांत पेणच्या कॉलेजातून बारावी झाली आणि तिच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. तसा हल्ली सगळ्यांच्याच डोक्यात शिरतो. पण हिचं कारण वेगळं होतं. त्यांच्या घरावर पत्रा. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस बडवायला लागला की यंत्राला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. बाप समोर ओरडतोय आणि हिच्या डोक्यात नुसता पाऊस. ज्या देशात यंत्र लावलं तिथे असा पाऊसच नाही, तर यंत्राला तो कसा माहीत असणार? ती लॅपटॉपवर पत्र्याचा, केळीच्या पानांचा, छत्रीवरचा असा सगळा पाऊस साठवून बसली होती आणि म्हणायची, "हर्षददादा, ह्याच्यातून पाऊस बाजूला काढणारा प्रोग्रॅम मी लिहिणार." मला ते पटायचं. कॉम्प्रेसरच्या खोलीत आम्हीसुद्धा एकमेकांचे ओठ बघूनच बोलतो.

पनवेलच्या पुढच्या एका कॉलेजने ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी कॉम्प्युटरच्या काही जागा ठेवल्या. प्रवेश मुलाखतीवर, राहायला हॉस्टेल. सिपोराला बोलावणं आलं आणि हॉस्टेल शब्द ऐकल्यापासून एझ्राचं जेवण तुटलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आमची भाताची लावणी होती. सिपोरा चहाची किटली घेऊन शेतावर आली, बांधावरून वाकून आईला कप द्यायला गेली आणि कानामागचं यंत्र सुटून चिखलात पडलं. ती यंत्र सुकवायचा खास डबा आणायला घरी पळाली. तेवढ्यात माझ्या मातोश्रींनी यंत्र चिखलातून काढलं, आमच्या घरी नेऊन नळाखाली स्वच्छ धुतलं आणि वालाच्या मडक्यात राखेत पुरलं.

आमच्याकडे वाल राख चोळून ठेवतात. राख ओल ओढून घेते, कीड लागत नाही, वाल वर्षभर टिकतात. आईच्या हिशेबात तिने काही चुकीचं केलं नव्हतं. वाल टिकतात तर हे एवढंसं यंत्र का टिकणार नाही? मी शिफ्ट संपवून घरी आलो तेव्हा सिपोरा ओट्यावर बसून दातांच्या ब्रशने यंत्रातली राख काढत होती. बारीक भोकाभोकांत राख बसली होती. तिने ते कानाला लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "खरखर हाय फक्त." स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्याने बोलली.

मी आईवर ओरडलो. आई नेहमी उलट ओरडते. त्या दिवशी ती नुसती मडक्यातले वाल चिवडत राहिली, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी आईला घेऊन एझ्राकडे गेलो. भिंतीवर एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताची तसबीर आहे. त्यांच्यात काही अडलं की त्याच्या नावाने मलिद्याचा, म्हणजे नारळ घातलेल्या गोड पोह्यांचा, नवस बोलतात. एझ्रा तसबिरीसमोर ओठ हलवत उभा होता. आम्हाला बघून म्हणाला, "झालं. देवाच्याच मनात नाय. उद्या जायचं नाय." त्याच्या आवाजात दुःख होतं, पण सुटल्यासारखंही काहीतरी होतं, आणि ते आईच्या कानाने बरोबर पकडलं.

"नवस कसला बोललास रे?" तिने विचारलं. "पोरीचा नंबर लागू दे म्हणून, का नको लागू दे म्हणून?"

एझ्रा तसबिरीची चौकट सरळ करायला लागला.

"माझ्या हातून मशिन बिघडलंय. पोर गेली नाय तर मला पाप लागंल. तुझं तोंड तिला वाचता येतं, माझ्या तोंडात मिश्री असते. तू जा तिच्यासंगं आणि विचारतील ते तिला सांग." एवढं बोलून आई निघून गेली. सिपोरा दारात उभी राहून बापाचा चेहरा वाचत होती. त्या वाचण्यापुढे एझ्राला नाही म्हणता आलं नाही.

सकाळच्या गाडीने आम्ही तिघे निघालो. कासू गेलं, पेण गेलं. सिपोरा बंद यंत्र मुठीत धरून बसली होती. मला वाटलं, ही पोर आज जागा न मिळता परत आली की पुन्हा त्या पत्र्याखालीच जाणार, कायमची.

मुलाखतीला एक सर आणि एक मॅडम होत्या. सरांच्या मिश्या एवढ्या दाट की ओठ कुठे आहेत तेच समजेना. मॅडम तोंड जेमतेम उघडायच्या. एझ्राने अडचण सांगितली. बाप ओठांनी प्रश्न पोचवेल, मुलगी बोलून उत्तर देईल असं ठरलं. मलाही मागच्या खुर्चीवर बसू दिलं.

सरांनी विचारलं, कॉम्प्युटरच का. एझ्राने आवाज न करता ते सिपोराला सांगितलं. ती बोलायला लागली. आवाज वरखाली जात होता, सर दोनदा दचकले, पण तिने पत्रा सांगितला, पाऊस सांगितला, लॅपटॉप उघडून काय केलंय ते दाखवलं. सर खुर्ची पुढे ओढून बघायला लागले. पुढे त्यांनी विचारलेल्या कशातलं मला ओ की ठो कळलं नाही, पण प्रश्न एझ्राच्या ओठांवरून जात होते आणि उत्तरं येत होती. मला जरा धीर आला.

मग मॅडम म्हणाल्या, "मला एकच काळजी आहे. रात्री हॉस्टेलला आग लागली, अलार्म झाला, तर हिला कळणार कसं? ही एकटी राहू शकेल?"

एझ्राचे ओठ हललेच नाहीत. सिपोरा त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. मॅडमचा चेहरा तिने पाहिला होता, काहीतरी महत्त्वाचं विचारलंय एवढं तिला समजलं होतं. एझ्राने मान मॅडमकडे वळवली आणि म्हणाला, "नाय राहू शकणार."

त्याच्या ध्यानात आलं नाही की इतकी वर्षं ही मुलगी त्याचंच तोंड वाचत आली आहे. समोरून काय, बाजूनेही तिला ते वाचता येतं.

"अब्बा," सिपोरा म्हणाली, "त्यांनी तुला विचारलं का मला?"

तिकडची मुलं बापाला अब्बा म्हणतात. एझ्राने मान खाली घातली. मग वर केली आणि मॅडमचा प्रश्न, एकेक शब्द सुटा करून, तिला सांगितला.

"मला रात्री भीती वाटते," सिपोरा मॅडमना म्हणाली. "खोटं कशाला बोलू? अब्बाला माझ्यापेक्षा जास्त वाटते. आम्ही पायाला दोरी बांधून झोपतो. भोंगा झाला की तो ओढतो, मग मी उठते. मी पंचवीस वर्षांची झाले तरी तो बांधेल. पण एक दिवस अब्बा नसेल. तेव्हा दोरी कोण ओढणार? एकटीनं उठायला मला शिकायचंय, पण अब्बा असताना शिकायचंय. तो गेल्यावर नाय."

सर आपल्या मिश्यांवरून हात फिरवत राहिले. एझ्राला काही पोचवायचं नव्हतं, तरी तो तिच्याकडेच बघत होता.

जागा मिळाली. उशीखाली ठेवलं की अलार्मबरोबर थरथरतं असं एक यंत्र मॅडमनी तिच्या खोलीत बसवून घेतलं. कानाचं यंत्र मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याने साफ करून दिलं, अजून ढगाळ हवेत खरखरतं म्हणे. एझ्राने मलिदा केला, पोहे आमच्या घरचे. आईने पुन्हा तेच विचारलं, "नवस नक्की कसला बोललावतास?" एझ्रा नारळ खवता खवता म्हणाला, "दोन्ही बोललो, काकी."

जायच्या दिवशी सिपोराने दोरी मधोमध कापली आणि आपलं टोक बॅगेत घातलं.

परवा दुपारी मी एझ्राला वाल द्यायला गेलो. बेकरीतून येऊन तो खाटेवर झोपला होता. पायाला अर्धी दोरी होती. मी हाक मारणार इतक्यात कंपनीचा भोंगा झाला. एझ्राने झोपेतच पाय जोरात ओढला आणि दोरीचं मोकळं टोक खाटेवरून खाली लोंबलं. तो उठून बसला. त्याने उशीखालचा फोन घेतला आणि सिपोराला लिहिलं, "भोंगा झाला." आम्ही दोघे फोनकडे बघत बसलो. भोंगा थांबला तरी उत्तर येईना. त्या वेळात मी त्या माणसापेक्षा कमी भ्यालो असं म्हणणार नाही.

मग फोन थरथरला. त्याने वाचलं आणि माझ्यापुढे धरला.

"आज बुधवार आहे, अब्बा. झोप."