मोर्चाच्या पुढे चालणारे अण्णा

बाळांनो, आमच्या बीदरच्या कॉलेजातले कारकून अण्णा चालताना चपलांचा आवाज होऊ देत नसत. मुलीच्या मागे येऊन हळूच विचारत, "आज औरादची बस चुकली व्हय गं?" कोणती मुलगी कोणत्या बसने जाते, हे त्यांना पाठ होते.

लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या मोर्चाचे सगळे फलक त्यांनीच हौसेने रंगवले. मी रांगा लावत होते, तेव्हा म्हणाले, "बाई, पोरींच्या मागं मी राहतो."

मोर्चा हललाच नाही. साऱ्या मुली त्यांच्याकडे वळून उभ्या राहिल्या.

"अण्णा, तुमी पुढं व्हा," एक म्हणाली.

"कामून?"

"आमाला तुमी दिसायला पायजे."

ते पुढे झाले. घोषणा कुणीच दिली नाही. त्या शांततेत मला पहिल्यांदा त्यांच्या चपला ऐकू आल्या.