अण्णांच्या अंगठ्याची शाई

मंडळी, सकाळपासून स्वतःचीच लाज वाटून राह्यली. कुणाला तरी सांगावं म्हणून लिहितो.

एका कागदासाठी वडिलांना, म्हणजे अण्णांना, कचेरीत घेऊन गेल्तो. वय नव्वद. आता मलाही ओळखत न्हाईत. कारकुनानं विचारलं, "सही करतात का?" मी अण्णांसमोरच म्हणालो, "त्यांना पोराचं नाव आठवत न्हाई, सही कुठली! अंगठाच घ्या." आणि त्यांचा अंगठा धरून शाईत दाबला.

अण्णांनी अंगठा धोतराला पुसला. टेबलावरचा पेन उचलला. रेघेच्या उजव्या टोकाला टेकवला आणि डावीकडं, कुठंही न अडखळता, सही केली. तीच जुनी उर्दू सही, निजामाच्या काळात परतूरच्या शाळेत गिरवलेली.

"अण्णा, काय लिहिलं हे?"

"काय की."

डॉक्टर म्हणाले होते, नावं-चेहरे मेंदू एका जागी ठेवतो, हाताची सवय दुसऱ्या जागी. एक पुसलं तरी दुसरं राहतं. मी नुसती मान हलवली होती.

निघताना अण्णांनी मला हात जोडले. म्हणाले, "मी शाळेत गेल्तो, साहेब."

सांगा, आता त्यांची माफी मागायची तर कोण म्हणून मागू?