त्या सकाळी लॅक्टोमीटर खरं सांगत होता

डॉक्टरांनी कागदावर एक शब्द लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला. स्किझोफ्रेनिया. मला तो वाचता आला, पण त्याचा अर्थ कळला नाही.

साल १९९४. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून दोन एसट्या बदलून आम्ही नगरच्या त्या दवाखान्यात पोहोचलो होतो. माझ्या एका बाजूला माझा मुलगा विलास, वय तेवीस. दुसऱ्या बाजूला त्याची आई.

डॉक्टर म्हणाले, "हा मेंदूचा आजार आहे. बाहेरची बाधा नाही आणि तुमच्या वळणाचाही दोष नाही. औषधं बरीच वर्षं लागतील."

त्यांनी आणखी तीन शब्द सांगितले. हॅल्युसिनेशन, म्हणजे समोर कोणी नसताना आवाज ऐकू येणं. डिल्यूजन, म्हणजे असा भ्रम जो कितीही समजावलं तरी जात नाही. विलासचा भ्रम असा होता की घरातलं कोणीतरी त्याच्या जेवणात काहीतरी घालतं. तिसरा शब्द निगेटिव्ह सिम्पटम्स. माणसात जे असायला हवं तेच कमी होत जातं. बोलणं, हौस, सकाळी उठून आंघोळ करणं.

ही तिसरी गोष्ट आम्ही दीड वर्ष डोळ्यांसमोर पाहत होतो आणि तिला आळस म्हणत होतो.

मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बारावीनंतर विलास तिथेच टेस्टर म्हणून लागला. दुधाची फॅट मोजायची, लॅक्टोमीटर लावायचा. ही दुधात तरंगणारी काचेची नळी. दुधात पाणी असेल तर तिचा आकडा उतरतो. पाणी लपवायला कोणी साखर घातली तर चढतो. चांगल्या दुधात तो अठ्ठावीस ते बत्तीसच्या दरम्यान असतो. माझी सगळी सेक्रेटरीकी त्या नळीवर उभी होती. तिने भेसळ दाखवली की मी माणूस बघत नसे, दूध परत करत असे.

आजारातही विलासचे आकडे चुकले नाहीत. बिघडत गेलं ते बाकीचं. कोणी राम राम घातला तर तो भिंतीकडे तोंड करी. लोक म्हणत, लई शिष्ट झालाय. एकच सदरा आठ-आठ दिवस अंगात. दाढी अर्धी करून उठायचा. चुलतबहिणीच्या लग्नात मांडवाच्या दारापर्यंत आला आणि परत फिरला. लाउडस्पीकरवर आपलंच नाव घेतात म्हणाला. मित्र आधी घरी येत, मग रस्त्यात विचारत, मग विचारायचे थांबले. मी त्याला चारचौघांत रागावलो, एकदा हातही उचलला. ज्यांच्या घरी असं काही सुरू असेल त्यांनी हे नीट वाचावं. पोरगं आळशी झालं, असं मलाही वाटलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस त्याने घेतल्या. मग हात थरथरू लागले, तोंडातून लाळ गळू लागली. या त्रासावर वेगळी गोळी असते, ती डॉक्टरांकडून मागून घ्यायची असते, हे मला पुढे कळलं. तोवर विलासने औषध बंद केलं होतं.

माझे मेहुणे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते म्हणाले, "दाजी, त्याला कशाला इचारायचं? गोळी कुटायची अन् दुधात द्यायची. निम्मं जग असंच करतंय."

विलासची आई म्हणाली, "अहो, सांगून द्या. आधीच त्याला संशय हाय, त्यात चोरून नका देऊ."

मी ऐकलं नाही. खलबत्त्यात गोळी कुटायची, सकाळच्या दुधात मिसळायची. कडू लागू नये म्हणून त्यात साखर घालायची, असं मी दोन महिने केलं. तो लहानपणापासून दूध बिनसाखरेचं प्यायचा, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही. त्याला थोडा फरक पडला, हेही खरं. आवाज कमी झाले. म्हणूनच मला माझं बरोबर वाटत होतं.

मग ती सकाळ आली. सोसायटीत दूध घालायला पंधरा-वीस माणसं रांगेत होती. विलास घरून आपल्या सकाळच्या दुधाचा झाकलेला तांब्या घेऊन आला. त्याने दूध आधी निवू दिलं, कारण कोमट दुधात आकडा खरा येत नाही. मग जारमध्ये ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. सगळे बघत होते.

"अण्णा, छत्तीस आलं. यात साखर हाय," तो मला म्हणाला. मग तांब्या तिरपा करून दाखवला. "अन् तळाला हे पांढरं बसलंय. हे काय हाय?"

रांगेतले बाबुराव म्हणाले, "घ्या, आता सेक्रेटरीच्या घरचं दूध परत करा." दोघं-तिघं हसले.

मी म्हणालो, "त्यात काही नाही. तुझं डोकं ठिकाणावर नाही विलास, घरी जा."

त्याने लॅक्टोमीटर धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि गेला. परत कामावर आला नाही.

त्या दिवसापासून तो घरचं काही खाईना. खायचा ते स्वतः सोललेलं: केळी, शेंगा, उकडलेली अंडी. तीन आठवड्यांत गालफडं बसली. शेवटी नगरला ॲडमिट करावं लागलं.

चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना दुधाचं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्याला भ्रम होता की घरचे अन्नात काही घालतात," ते म्हणाले. "तुम्ही खरंच घातलंत. वर त्याला वेडा म्हणालात. आता मी त्याला काय समजावू? आधी तुम्ही जाऊन खरं सांगा. औषधाचं मी नंतर बघतो."

वॉर्डात विलास खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मी सांगितलं, "त्या दिवशी दुधात गोळी होती. मी घालत होतो. तुझा आकडा बरोबर होता."

त्याने विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने."

तो म्हणाला, "हे डेअरीवर सांगा. तिथल्या लोकांसमोर."

मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी त्याने दवाखान्यातली गोळी स्वतःच्या हाताने घेतली. तेव्हापासून तो रोज स्वतःच घेतो. मध्ये दोनदा थांबला, दोनदा आजार उसळला, पण गोळी कधीही लपवून द्यावी लागली नाही. डॉक्टरांनी मात्रा बदलली, हात थरथरायचे थांबले. त्याने कोंबड्या पाळल्या. लग्न झालं नाही. गर्दीत तो अजूनही जात नाही, पण शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. आपलं दूध मात्र स्वतः काढतो, स्वतः तापवतो.

त्याने आपल्या बाजूचं केलं. मी मात्र दिलेला शब्द पाळला नाही. रोज त्याच माणसांचं दूध मोजलं आणि एकदाही तोंड उघडलं नाही. गाव त्याला वेडा टेस्टर म्हणत राहिलं. मी निवृत्त झालो तरी म्हणत होतं.

आता माझं वय एक्याऐंशी आहे. मागच्या महिन्यात सोसायटीत सकाळच्या रांगेसमोर उभा राहिलो आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. जुनी माणसं थोडीच उरली आहेत. बाबुराव काठी टेकून उभे होते. म्हणाले, "अण्णा, आमाला तवाच वाटलं हुतं. त्या पोराचा आकडा कंदी चुकला न्हाई. पर सेक्रेटरीला कोन बोलनार?"

घरी येऊन हे लिहून काढलं आणि आधी विलासला वाचायला दिलं. मी लॅक्टोमीटरचा आकडा चौतीस लिहिला होता. त्याने बोट ठेवलं. "छत्तीस," म्हणाला.

मी खोडून छत्तीस केलं. त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि म्हणाला, "आता बरोबर हाय."