आबांचा डावा पाय

आमच्या आबांनी फौजेत बावीस वर्षं गाड्या चालवल्या. बर्फातनं, दरडीखालनं, कुठं कुठं. निवृत्त होऊन आष्ट्याजवळच्या गावी आले तरी घरच्या गाडीची चावी त्यांच्याच खिशात असायची. गाडी जुनी, डिझेलवरची, टर्बोची. मी शाळामास्तर, दुसऱ्याच्या चुका काढणं हाच माझा धंदा. पण आबांच्या गाडी चालवण्यात मला कधी चूक सापडली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी जे केलं ते ऐकून तुमचं माझ्याबद्दल फार बरं मत राहणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या उसाला तोड आली आणि फडातले उंदीर आमच्या शेडात शिरले. गाडीच्या दोन वायरी कुरतडून ठेवल्या. आमच्याकडं यावर एकच उपाय, फडक्यात तंबाखू बांधून बॉनेटखाली टांगायचा. मी जुनी चौकड्याची लुंगी फाडली, चार पुरचुंड्या बांधल्या आणि सुतळीनं आत टांगल्या. आबा तेव्हा पाणी पाजायला मळ्यात गेले होते. उंदीर परत फिरकले नाहीत आणि मी ते सगळं विसरून गेलो.

पंधरा दिवसांनी बहिणीच्या पोरीचं बारसं निघालं, खंबाटकी घाटापलीकडच्या खंडाळ्याला. आबा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागं आई आणि बोलवायला आलेले बहिणीचे सासरे. खंबाटकीचा चढ लागला आणि गाडी मिसिंग करायला लागली. झटके मारले, मागं काळा धूर सोडला आणि ऐन वळणावर बंद पडली. मागं ट्रकांची रांग, हॉर्नचा नुसता कालवा. आबा म्हणाले, गाडीतच कायतरी हाय. आणि माझी जीभ सुटली.

"नाचता येईना अंगण वाकडं. आबा, तुमचा पाय आता क्लचवर राहत न्हाई. चावी द्या इकडं."

व्याह्यांच्या देखत बोललो मी हे. आबांनी चावी दिली, उतरून माझ्या जागी येऊन बसले. मी सेल मारला तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. पुढं एक भरलेला ट्रक रांगत होता, त्याच्या मागं मीही रांगत घाट चढलो. गाडीनं हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, झालं, सिद्ध झालं. व्याही खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दिवसापासून आबांनी चावीला हात लावला नाही. ती भिंतीच्या खिळ्याला लटकत राहिली. मी आष्ट्याच्या मिस्त्रीकडं गाडी नेली, त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, स्कॅनर लावून बघितला आणि गाडीत काही दोष नाही म्हणाला. मग तर माझी खात्रीच पटली. त्यातच एकदा आईनं सांगितलं, आबा पहाटे खाटेवर बसले की त्यांचा डावा पाय हलत असतो, आपोआप. मी चोरून बघितलं. खरंच हलत होता, हळूच वर यायचा, हळूच खाली जायचा. मी हबकलो. कंपवात, दुसरं काय? सांगलीच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि आबांना म्हटलं, चला, सगळंच तपासून घेऊ. ते गाडीत बसले.

सांगलीच्या वाटेवर पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. त्याला मागं टाकायला मी जोरात रेस दिली आणि गाडीनं तेच केलं. झटके, काळा धूर आणि बंद. या वेळी क्लचवर पाय माझा होता. गाडी कशीबशी कडेला घेतली. आबांकडं बघायची हिंमत होईना.

आबा उतरले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, मी सांगतो तवा रेस दे. फौजेत ते आधी इंजिनाचा श्वास बघायचे, मग बाकीचं. मी रेस वाढवत गेलो. इंजिन अडखळलं, तशी त्यांनी बंद करायची खूण केली आणि मला पुढं बोलावलं. हवा ओढायच्या पाइपाच्या तोंडाशी सुतळीवर एक पुरचुंडी लोंबत होती. रेस वाढली, टर्बोनं हवेला जोर लावला, की ती आत खेचली जाऊन बुचासारखी बसायची. इंजिन बंद झालं की सुटून खाली. म्हणून मिस्त्रीला दोष सापडला नाही, म्हणून ट्रकमागं रांगताना मला छळलं नाही.

आबांनी पुरचुंडी तोडून माझ्या हातावर ठेवली. चौकड्याची लुंगी. गाठ माझ्याच हातची. मी मडगार्डवर हात टेकून उभा राहिलो. अंगण सरळ होतं, नाचता मला येत नव्हतं. शरमेनं मेल्यासारखं झालं, पण माफीचा शब्द काही फुटेना. फुटलं ते भलतंच. म्हटलं, आबा, गाडीचं कळलं, पण पायाचं काय? पहाटे हलतो तो?

आबांनी धोतराला हात पुसले.

"कंपवात न्हाई रं त्यो. क्लच सोडून बघत हुतो. बावीस वर्सं केलं, पर तू म्हणालास तवा मला बी वाटलं, खरंच जमंना झालं असंल."

मी खिशातनं चावी काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी खाली, स्वतःच्या डाव्या पायाकडं बघितलं.