टाकी धुतली का, वयनी?

भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा मी हसत होते. लिहायला बरं दिसत नाही, पण झालं ते असं. सकाळी देवपूजा उरकून मी मोबाईल घेऊन ओट्यावर बसले होते. आदल्या संध्याकाळी भाऊजींनी व्हिडिओ पाठवला होता. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर आणि सायकलचं चाक जोडून त्यांनी साबणाचे फुगे उडवायचं यंत्र केलं होतं. फुगे इतके सुटले होते की त्यात त्यांचं डोकं दिसत नव्हतं, नुसता आवाज... "वयनी, ह्ये बघा, आता गिटारवाला ह्यातनं बाहेर येनार!" मी एकटीच खिदळत होते आणि तेवढ्यात तो आवाज मधेच तुटून फोन वाजायला लागला. त्यांची लेक वैशाली. "मोठीआई, पप्पा गेले गं. झोपेतच..." मी "हो का" म्हणाले. खरंच इतकंच म्हणाले. फोन ठेवल्यावर व्हिडिओ जिथे थांबला होता तिथून आपोआप पुढे सुरू झाला आणि भाऊजी पुन्हा बोलायला लागले.

भास्कर म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं घर नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, डाळिंबाच्या बागेत. लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची आणि ते अठराचे, त्यामुळे भाऊजी म्हणायचं ते तोंडदेखलं. आम्ही दोघं मिळून खोड्या करायचो आणि सासूबाई दोघांना एकाच सुरात शिव्या द्यायच्या. बागेत त्यांचं मन नव्हतं. आयटीआय करून ते नगरला नागापूरच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये लागले. दिवसभर लोखंड कापायचं आणि जोडायचं. तिथल्याच तीन-चार कामगारांच्या मुलांनी इलेक्ट्रिक गिटारी आणून रॉक बँड काढला होता. ड्रम ठेवायला उंच चौथरा हवा म्हणून ते भाऊजींकडे आले. यांनी चौथरा करून दिला आणि वर विचारलं, "नुसता उभा ऱ्हायचा का ह्यो? फिरवायचा न्हाई?" फिरवला. पुढच्या कार्यक्रमात ड्रमवाला वाजवत वाजवत गोल फिरला, लोक बाकांवर चढले, आणि त्या दिवसापासून भाऊजी बिघडले ते कायमचे.

धुरासाठी त्यांनी डेअरीतले दुधाचे कॅन आणले. त्यात उकळतं पाणी आणि वरून कोरडा बर्फ टाकला की पांढरा धूर गुडघाभर उंचीने स्टेजभर सरकायचा, जणू गायक ढगावर उभा. नुसत्या ड्रमवादनाचा तुकडा आला की ते स्वतः मागे पत्र्याआड बसून ग्राइंडर लोखंडाला लावायचे आणि ठिणग्यांचं कारंजं ड्रमवाल्याच्या डोक्यामागून उसळायचं. ग्राइंडरचा कर्कश आवाज गिटारीत असा मिसळून जायचा की कुठलं काय ते कळायचं नाही. "गानं कानाला असतंय वयनी," ते म्हणायचे, "अंगावर काटा आनायचं काम आपलं." एकदा राजूरला पावसाळ्यात कार्यक्रम होता. भाऊजी कॅन उतरवायला लागले तर तिथला एक म्हातारा म्हणाला, "धूर कशाला आनला रं? आमच्यात फुकट पडतुया." आणि खरंच, सुरुवातीलाच डोंगरावरून धुकं उतरलं आणि स्टेजच नाहीसं झालं. भाऊजी त्या दिवशी हात बांधून बसले. म्हणाले, "ह्याच्यापुढं आपलं काय चालनार?"

आता मला माझ्याकडे यायला हवं. इतकी वर्षं ते टाळलंय.

पस्तिशीतली मी म्हणजे एक नमुना होता. गावातल्या महिला मंडळात केस कापलेली मी एकटी. रॉक म्हणजे काय ते कधी ऐकलं नव्हतं, पण "मला बाई रॉकच आवडतं" असं सांगत फिरायचे. पुण्याचा एक नावाजलेला बँड नगरच्या एका कॉलेजच्या मैदानावर येणार असं ठरलं आणि शेवटच्या गाण्यासाठी काहीतरी जबरदस्त करा म्हणून भाऊजींना सांगितलं गेलं, तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच जास्त फुगले. भाऊजींनी डोकं लढवलं ते आमच्या ब्लोअरवर. डाळिंबाला औषध फवारायचं ते ट्रॅक्टरमागचं यंत्र... मागे मोठा पंखा, भोवती गोल नोझल आणि पुढे फायबरची टाकी. त्यांनी पंख्याच्या तोंडावर पत्र्याचं नरसाळं बसवलं. नरसाळ्यातून झेंडूच्या पाकळ्या सोडायच्या आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्याचं धुकं नोझलमधून. त्यावर मागून दिवे मारायचे. गाणाऱ्यांभोवती सोन्याचा पाऊस पडेल, असं ते म्हणायचे. टाकीत आदल्या दिवशी फवारलेल्या बोर्डोचा गाळ होता. मोरचूद आणि चुना, निळंशार. बाकी सगळी कामं त्यांनी वाटून घेतली आणि मला एकच दिलं.

"वयनी, टाकी तेवढी चांगली धुवा. दोन-तीन पान्यानं."

"धुते हो, त्यात काय!"

पण मी हातांवर मेंदी काढून घेतली होती. कोपरापर्यंत. रॉकच्या कार्यक्रमाला! पुण्याची माणसं येणार, कोणी फोटो काढला तर... लग्नातल्या नवरीला लाजवेल अशी मेंदी लावून मी ओट्यावर हात पसरून बसले होते. टाकीत हात घालायचा म्हणजे मेंदी पांढरीफटक पडणार. मग मी काय केलं, तर पायाने नळी टाकीच्या तोंडावर ढकलली, वरवर पाणी भरलं आणि झाकण लावायला ड्रायव्हरला सांगितलं. मैदानावर भाऊजींनी विचारलं, "टाकी धुतली का?" मी नवऱ्याचा गॉगल डोळ्यांवर चढवत म्हणाले, "दोनदा."

त्या दुपारी बँडच्या मॅनेजरने भाऊजींचं काम पाहिलं. कारंजं पाहिलं, फिरता चौथरा पाहिला आणि सरळ म्हणाला, आमच्याबरोबर चला, देशभर दौरा आहे, पार शिलाँगपर्यंत, असा माणूसच आम्हाला हवा होता. भाऊजी धावत माझ्याकडे आले. "वयनी, शिलाँग कुटं हाय ओ?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काश्मीरच्या अलीकडे." दोघंही समाधानी.

शेवटचं गाणं आलं. मी पुढच्या रांगेत, केसांखाली कानात कापूस कोंबून. भाऊजींनी इशारा केला, ब्लोअर सुरू झाला, पाकळ्या उडाल्या, दिवे लागले आणि पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले पाच गवई डोक्यापासून पायापर्यंत निळे झाले. ओल्या निळ्यावर झेंडू चिकटला. पोळ्याला रंगवून उभे केलेले बैल जसे दिसतात, अगदी तसे. मुलांना वाटलं हाच तो इफेक्ट! मैदान असं ओरडलं की कापूस असूनही माझे कान बधिर झाले. मी पण टाळ्या वाजवल्या... दोन टाळ्या. तिसरीला गायक डोळे धरून खाली बसला.

भाऊजींनी ब्लोअर बंद केला, पिण्याच्या पाण्याचा जार उचलून स्टेजवर धाव घेतली आणि गायकाचं डोकं मांडीवर घेऊन डोळे धुवत राहिले. नशिबाने डोळ्यांना काही झालं नाही. पण मॅनेजर लालबुंद होऊन आला. "टाकी कोणी धुतली होती?"

मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर. मेंदी फार सुंदर रंगली होती. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मीच," भाऊजी म्हणाले. "माजी चूक."

बँडची गाडी त्यांच्याशिवाय गेली. भाऊजी सोमवारी नागापूरला कामावर हजर झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आमचे हे घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "सबंध बागेला पुरलं असतं तेवढं औषध त्यानं पाच मानसांवर मारलं." मी मात्र कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दर दिवाळीला नगरला जायचे आणि करंज्या ठेवून परत यायचे.

तो ब्लोअर मग आमच्या ह्यांनी भाऊजींनाच देऊन टाकला. त्यांनी त्याला विजेची मोटर बसवली आणि टाकीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, "टाकी धुतली का?" जिल्ह्यात कुठेही बँड असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, रविवारी ते निघायचे आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्टेजवरून ओरडायचे, "टाकी?" खालून सगळ्यांनी ओरडायचं, "धुतली!" लोकांना ती गंमत वाटायची. मला मात्र नाही, कारण टाकी धुवायला मी जात होते. त्या प्रसंगानंतर मीच म्हटलं होतं, हे काम माझं. मेंदी सोडली, केस वाढवले आणि कर्जतहून एसटीने जाऊन मी टाकी घासत राहिले. नारळाच्या शेंडीने, लिंबाने, चिंचेने. तळाला पाणी सोडायच्या भोकाजवळ तळहाताएवढा निळा डाग होता, तो काही केल्या जात नव्हता. भाऊजींनी कधी विचारलं नाही की वयनी, या वयात हे कशाला. आणि टाकी घासता घासता रॉक मला खरंच आवडायला लागलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. कापूस अजून लागतो.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन भेटायला गेले. चटणीला डॉक्टरांची बंदी होती, म्हणून ती त्यांनी आधी खाल्ली. वैशाली आत चहा करत होती. मनात आलं, आज नाही तर कधीच नाही.

"भाऊजी, ती टाकी मी धुतली नव्हती. हातावर मेंदी होती."

ते हसायला लागले, इतके की हात छातीवर गेला आणि मी घाबरले.

"मला म्हायती हुतं की वयनी."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. चार वाजता झाकन उघडून बघितलं मी. तळाला निळं पानी. म्हनलं, वतून द्यावं... तेवढ्यात वर दिवं लावून बघत हुते. म्हनलं, पांढऱ्या दिव्यात ह्ये निळं काय भारी दिसंल! ऱ्हाऊ दिलं. डोळ्यांचं ध्यानातच आलं न्हाई. म्हनून तर म्हनलं, माजी चूक."

"आणि मग इतकी वर्षं मला टाकी घासायला लावली? लाज नाही वाटली?"

"आवं, तुमी आपनहून घासत हुता. आन..." त्यांनी चटणीची रिकामी वाटी बोटाने पुसली. "तुमी आला नसता तर माजं काम बगायला घरचं कोन येनार हुतं?"

खरं होतं ते. त्यांचे आई-वडील कधी आले नाहीत, आमच्या ह्यांनाही वेळ मिळाला नाही. जत्रेतला उद्योग म्हणूनच घरात त्याकडे पाहिलं गेलं. वैशालीची आई ती लहान असतानाच गेली. स्टेजवरून खाली बघितलं की ओळखीचं तोंड एकच, टाकीतून वर आलेलं माझं.

परतीच्या एसटीत मी हलकी होऊन बसले होते. भिगवण रस्त्याला... नाही, त्याच्याही आधी मिरजगावच्या आसपास मला एकदम आठवलं. त्या दिवशी चार वाजता भाऊजी टाकीपाशी नव्हतेच. मॅनेजरने बोलावणं केलं ते चारलाच, आणि लगेच ते शिलाँग कुठे आहे विचारत माझ्याकडे आले होते. मग झाकण उघडलं कधी? त्यांची वेळ चुकली असेल, इतक्या वर्षांनी कोणाची चुकत नाही. किंवा मग माझी सुटका करायला पडल्या पडल्या त्यांनी ते सगळं रचलं असेल. पांढरे दिवे, निळं पाणी... असली दृश्यं उभी करण्यातच त्यांचा हात बसलेला. पुढच्या भेटीत पकडायचं ठरवलं होतं. पुढच्या भेटीऐवजी तो फुग्यांचा व्हिडिओ आला.

व्हिडिओ पूर्ण बघायला मला आठवडा लागला. शेवटी भाऊजी फुग्यांतून बाहेर येतात, कपाळावर फेस, आणि म्हणतात, "म्हैन्याभरानं कार्यक्रम हाय, टाकी धुवायला या." वैशालीने तो कार्यक्रम रद्द केला नाही. ती इंजिनियर आहे, आता सगळं तीच बघते. गेल्या रविवारी मी गेले. शेडमध्ये कॅन, ग्राइंडर, फिरता चौथरा, सगळं जागच्या जागी. मी बाह्या वर केल्या आणि टाकी घासली, तीन पाण्यांनी. तळाच्या डागापाशी हात आला तेव्हा शेंडी बाजूला ठेवली. त्याच्या भोवतीने पुसून घेतलं, त्याला हात लावला नाही. आता कोणत्या मिश्रणाने तो निघेल हे वैशालीला माहीत आहे, पण मी तिला विचारलेलं नाही.

संध्याकाळी बँड तयार झाला, धूर सरकायला लागला. वैशाली स्टेजच्या कडेला आली, बापासारखीच कमरेवर हात ठेवून, आणि ओरडली, "टाकी?"

पोरं ओरडायच्या आत मीच ओरडले, "धुतली!"

डाग मुद्दाम तसाच ठेवला होता, म्हणजे त्याच टाकीबद्दल दुसऱ्यांदा खोटं बोलले. या वेळी मात्र हात कोपरापर्यंत ओले होते.