आधी त्याचं, मग तुझं

वकीलबाईंशी भांडणं कुणालाच कधी जमलं नाही. तुम्ही तावातावानं तोंड उघडायचा अवकाश, बाई म्हणायच्या, "थांब. तुझं म्हणणं मी सांगते, चुकलं तर टोक." आणि तुमची बाजू तुमच्यापेक्षा इतकी बरी मांडायच्या, की ऐकताना वाटावं, अरे, आपण एवढे शहाणे आहोत हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं! राग असा पूर्ण ऐकून घेतला गेला की त्याचं पुढं करायचं काय, ते सुचत नसे. मग आम्ही हात हलवत परत यायचो.

वकिलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, हे नाव आम्हीच पाडलेलं. औरंगाबादला छावणीच्या अलीकडं मिशनचं एक लहानसं आर्ट्‌स कॉलेज होतं. तिथं त्या तर्कशास्त्र शिकवायच्या आणि मुलींचं वसतिगृहही सांभाळायच्या. कॉलेज म्हणजे एक दगडी प्रार्थनामंदिर, त्याच्या दोन्ही अंगांना कौलारू वर्ग आणि मधे एक चिंच. इतकं लहान, की कुणी तास बुडवला तर फाटकापाशी बसणाऱ्या चहावाल्यालाही कळायचं. सकाळी घंटा झाली की सगळे उपासनेला. देवगाव रंगारीच्या माझ्यासारख्या पोरीलाही महिनाभरात तिथली गीतं पाठ झाली. दिवाळीला घरी गेले तेव्हा म्हशीची धार काढताना मी येशूचं गीत गुणगुणत होते आणि आई चमकून बघत होती.

बाईंचा वर्गातला नियम एकच होता, "आधी त्याचं, मग तुझं." वाद घालायला उभं राहिलं की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि तेही असं, की त्यानं स्वतः मान डोलवून "होय, हेच म्हणतोय मी," असं कबूल करावं. तोवर आपलं एक अक्षर बोलायचं नाही. समोरच्यानं मान डोलावली की बाई म्हणायच्या, "दुरुस्त!" त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतून झालेली. 'बरोबर' हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही. परीक्षेच्या पेपरात कुणी नुसतं स्वतःचंच मत हाणलेलं असलं तर निम्मे गुण कापून खाली लिहायच्या, 'दुसरा माणूस कुठे आहे?'

ऐकायला बसल्या की त्या चष्मा काढून पदरात ठेवत. चष्म्याशिवाय त्यांना हातभरावरचंही धड दिसत नसे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "चेहरा दिसला की मी उत्तर शोधायला लागते. दिसला नाही की ऐकते." त्यामुळं बाईंनी चष्म्याला हात घातला की आम्हाला धीरही यायचा आणि धडकीही भरायची.

एकदा आम्ही मुली मेसच्या मावशींची तक्रार घेऊन गेलो. आमटीत डाळ दिसत नव्हती. बाईंनी मावशींनाच बोलावून समोर बसवलं आणि मला म्हणाल्या, "कुसुम, मावशींचं सांग." मी जरा टेचातच म्हटलं, "मावशींचं म्हणणं असं, की पाणी वाढवलं म्हणजे आमटी सगळ्यांना पुरते."

मावशी उसळल्या. "नाय! माझं म्हणणं असं नायच. ह्या पोरी येतात समद्यात शेवटी, गप्पा हाणत. आधी येणाऱ्या पळी तळाला घालून डाळ उपसून नेतात. मी काय डाळीवर पहारा देऊ व्हय?"

मला ते सगळं पुन्हा, मावशींच्या मनासारखं सांगावं लागलं. मावशींची मान डोलेपर्यंत आमटी पार गार झाली होती.

हा नियम आमच्यापुरताच होता असंही नाही. वरच्या वर्गातल्या एका मुलानं जाहीर केलं, की देव आहे असं मला वाटत नाही, मी उपासनेला बसणार नाही. आमचे प्राचार्य स्वतः पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, आणि स्वभावानं तापट. प्रकरण बाईंकडं गेलं. त्यांनी मुलाकडून प्राचार्यांची बाजू वदवून घेतली आणि मग तितक्याच शांतपणे प्राचार्यांना म्हणाल्या, "आता त्याचं, सर." म्हाताऱ्या पाळकांनी डोळे मिटून देव नसल्याची बाजू मांडली, आणि ती अशी मांडली की त्या मुलानंही वहीत उतरवून घ्यावी. पुढं उपासनेच्या वेळी त्या मुलाला चिंचेखाली बसायची परवानगी मिळाली. गंमत म्हणजे गीतं ऐकू यावीत म्हणून तो खिडकीच्या बाजूलाच बसायचा.

या गुणाची किंमत बाईंनाही मोजावी लागे. गुलमंडीवर साडी घ्यायला गेल्या की घासाघीस सुरू करायच्या, मग दुकानदाराची बाजू मांडायच्या, ती स्वतःलाच पटायची, आणि तो सांगेल त्या भावात साडी घेऊन यायच्या. पुढंपुढं आम्ही त्यांना एकटीनं बाजारात जाऊच देत नसू.

हे खूळ तुम्ही घेतलं कुठून, असं मी एका रविवारी धीर करून विचारलं. म्हणाल्या, "पोलीस ॲक्शनच्या वेळी मी शाळेत होते. आमचं ख्रिस्ती घर गल्लीच्या मधोमध. इकडचे शेजारी येऊन बाबांना आपलं सांगायचे, तिकडचे येऊन आपलं. दोघंही घाबरलेले, दोघंही रडायचे. मी म्हटलं, बाबा, यांचं त्यांना सांगा ना! बाबा म्हणाले, ऐकायला कोण बसलंय, बेटा?" एवढं बोलून त्यांनी चष्मा चढवला आणि माझ्या निबंधातल्या चुका दाखवायला लागल्या.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा माझे वडील, नाना, मला न्यायला आले. घर खाऊनपिऊन सुखी होतं. कन्नडकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. "झालं तेवढं शिक्षण लई झालं," म्हणाले. मला तर्कशास्त्राची चटक लागली होती. बी. ए. व्हायचं, पुढं शिकवायचं, असं मनात पक्कं केलं होतं. पण ते नानांपुढं बोलायची छाती नव्हती. मी रडत बाईंकडं पळाले. वाटलं, आज बाई नानांना चांगलं सुनावतील.

बाईंनी नानांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, चहा दिला आणि चष्मा काढला. नानांचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "नाना, तुमचं म्हणणं असं. हिच्या पाठीवर धाकटी आहे. थोरलीचं लांबलं की धाकटीचंही लांबतं. ओळखीतलं, जमीनजुमल्याचं स्थळ दारात चालून आलंय. उद्या ही शिकली आणि हिच्या बरोबरीचा मुलगा मिळाला नाही, तर बोल लागणार बापाला, कॉलेज काही उत्तर द्यायला येणार नाही. शिक्षण वाईट असं तुम्ही म्हणतच नाही. डोळ्यांदेखत मुलगी मार्गी लागावी, एवढंच."

नानांचा चेहरा खुलला. "व्हय! असंच हाय बघा. मला बी इतकं नीट नसतं सांगता आलं."

मी मनातल्या मनात ट्रंक भरायला लागले.

"दुरुस्त," बाई म्हणाल्या. "आता हिचं तुम्ही सांगा."

"हिचं काय सांगायचं, बाई? पोर हाय ती."

"ते तुमचं झालं. हिचं सांगा."

नाना अडले. एरवी गावात बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस, टोपी काढून डोकं खाजवायला लागला. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाले, "कुसे, तू शिकती काय गं इथं?"

वर्षभरात पहिल्यांदाच ते मला हे विचारत होते. मी म्हटलं, "एखादी गोष्ट खरी कशावरून, ते तपासायला शिकते."

नाना विचारात पडले. मग एकेक शब्द चाचपडत म्हणाले, "हिचं म्हणणं असं आसंल... हिला इथं विचारत्यात. तुला काय वाटतं म्हून विचारत्यात. घरी कोण विचारतंय? आम्ही सांगतो, ती करती. व्हय का गं?"

मला मान डोलवायची होती, पण हुंदकाच फुटला. नाना टोपी घालून उठले आणि म्हणाले, "यंदा ऱ्हाऊ द्या हिला. रामराम, बाई." "सलाम, नाना," बाई म्हणाल्या.

पण शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, नाना पुन्हा आले. या खेपेला स्थळ पक्कं करूनच. मुलाकडच्यांना लग्न परीक्षेच्या आधीच हवं होतं. पुन्हा तोच व्हरांडा, तोच बाक. बाईंनी चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "यंदा मी नाही. नानांचं तू सांग."

मला बाईंचा संताप आला. माझं सगळं आयुष्य टांगणीला लागलेलं आणि यांना नियम सुचतोय! तरी सुरुवात केली. धाकटीचं लग्न, लोकांचं बोलणं.

"नाय," नाना म्हणाले.

जमीन, चांगली माणसं, ओळखीचं घर.

"नाय. ते मागल्या वेळचं झालं."

मी थांबले आणि नानांकडं नीट बघितलं. बाकाच्या अगदी कडेला, परक्याच्या घरी बसल्यासारखे बसले होते. मांडीवर आईनं दिलेली लाडवांची पिशवी तशीच होती, मला द्यायचीही राहिली होती. मागच्या सुटीत ते नव्या गोऱ्ह्याचं काहीबाही सांगायला लागले होते आणि मी पुस्तकातून मान वर न काढता हं हं करत होते, ते आठवलं. सांगता सांगता ते मधेच थांबले होते.

"नानांचं म्हणणं असं," मी म्हटलं, "की दर सुटीत मी घरी येते आणि आमचं बोलणं कमी कमी होत जातं. आणखी शिकले तर एक दिवस अशी येईन, की आम्हाला एकमेकांशी बोलायला काही उरणारच नाही. त्यापेक्षा आत्ताच ओळखीच्या घरी गेलेली बरी. निदान त्यांची तरी राहीन."

नानांनी फरशीकडं बघतच मान डोलावली. बाईंचं "दुरुस्त" त्या दिवशी जेमतेम ऐकू आलं.

पुढचं नानांना कुणी सांगावं लागलं नाही. "आता हिचं," ते म्हणाले. "ही म्हणती, बोलणं शिकून नाय आटलं. बापानं कधी विचारलंच नाय, म्हून आटलं. व्हय का गं?"

या वेळी मला मान डोलवता आली.

"परीक्षा दे तू," नाना उठत म्हणाले. "पाव्हण्यायला मी बघतो."

"काय सांगाल त्यांना?" बाईंनी विचारलं.

"आधी त्यायचं ऐकून घेतो. मग आपलं सांगतो."

पाहुणे काही थांबले नाहीत. मी बी. ए. झाले, एम. ए. झाले, याच शहरात तर्कशास्त्र शिकवायला लागले. लग्नही यथावकाश झालं, धाकटीचं माझ्याआधी झालं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. नानांना मात्र त्या नियमाचं वेडच लागलं. गावात बांधावरून भांडण निघालं की हे मधे जाऊन बसायचे, "आधी त्याचं सांग." लोक कंटाळून आपसात मिटवायला लागले. आई मला म्हणायची, "कॉलेजात तू गेलतीस का तुझा बाप?"

बाई निवृत्त झाल्यावर उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या. तिथंच गेल्या. दफनभूमीत जुने विद्यार्थी बरेच जमले होते. नाना तेव्हा चांगलेच थकले होते, तरी निरोप मिळताच देवगावहून एस. टी. नं आले. पाळकांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. आम्ही शिकलेले लोक एकेक करून बोललो. बाईंची विद्वत्ता, बाईंची शिस्त. सगळं खरंच होतं. मग नाना काठी टेकत पुढं झाले.

"बाईनं जल्मभर समद्यांचं सांगितलं," ते म्हणाले. "बाईचं कुणी सांगितलं का? तेवढं ऱ्हायलंय."

बाईंना स्वतःसाठी काय हवं होतं, यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

नानांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवला. "बाईचं म्हणणं असं आसंल. लोक म्हणत्यात, बाई एकटी ऱ्हायली. बाई म्हणती, एकटी कशी? रोज कुणी ना कुणी भांडत माझ्या दारात आलं, आन्‌ माझं होऊन गेलं. पर बाई असं बी म्हणती, की कधीतरी कुणीतरी मला बी विचारावं व्हतं, बाई, तुमचं काय?"

एवढं बोलून ते थांबले आणि शवपेटीकडं बघत उभे राहिले. पेटीवर टाकायला उचललेली मूठभर माती हातातच. लोक चुळबुळायला लागले, पाळकांनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण नाना हलेनात. ते कशासाठी थांबलेत हे तिथं मला एकटीलाच कळत होतं. नियमाप्रमाणं, मान डोलल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नव्हतं.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि चष्मा काढला. समोरचं सगळं धूसर झालं.

"दुरुस्त, नाना," मी म्हटलं.

तेव्हा कुठं त्यांनी मूठ उघडली.