रोटाच्या दिवसांतली गोळी

थोरल्या भावाला घेऊन मी रोज सुरतच्या दवाखान्यात जायचो. किरणांच्या उपचाराला आमच्या नंदुरबारकडे शेक म्हणतात. तिथल्या बाकावर आमच्याच भागातल्या कोरीट गावची एक बाई शेजारी असायची. तिला शेकाआधी एक नवीन गोळी घ्यावी लागे. त्या गोळीनं गाठीतल्या पेशींचं साल सैल होतं आणि शेक आतवर पोचतो, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ते मला समजावताना बाई अंगठ्याच्या नखानं हवेतच मिरची चिरायची. "चीर पाडी का मीठ मझार जास," म्हणजे चीर पाडली की मीठ आत जातं.

श्रावणात एकदा ती नखाकडे बघत सांगू लागली. तिच्या घरी कानबाई, म्हणजे नारळावर चेहरा मांडलेली आमच्याकडची देवी, बसली होती. देवीच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, संपेपर्यंत दुसरं काही तोंडात घालायचं नाही, म्हणून तिनं गोळ्या देव्हाऱ्यात ठेवून दिल्या. शेक मात्र एकही चुकवला नाही, कारण शेक काही खायची वस्तू नाही. गाठ तशीच राहिली, आणि झालेले शेक आता पुन्हा देता येणार नव्हते.

"मावशी, कानबाईला औषध चाललं नसतं का?" मी विचारलं.

"चालतं ना भाऊ. ती बी मायच शे." मग हळूच म्हणाली, "मीच तिले इचारं नही."

यंदा आमच्याकडे रोट होते, तेव्हा भावाची रोजची गोळी मी आधी कानबाईसमोर धरली. "चालीन ना माय?" असं मोठ्यानं विचारलं. नारळावरचा तिचा चेहरा नेहमीसारखा हसत होता. हे त्या बाईला कळवावंसं वाटलं, पण मी तिचं नावही विचारलं नव्हतं.